बंद पडलेलं क्रेडिट कार्ड: चालू करून घ्यावं की कायमचं मिटवावं?

नोव्हेंबर 2023. पुतणीच्या लग्नाच्या पैठण्या घ्यायला आम्ही नाशिकहून येवल्याला गेलो होतो. तीन तासांच्या घालमेलीनंतर दोन पैठण्या पसंत पडल्या आणि मी मोठ्या रुबाबात माझं 2009 चं कार्ड काढून दिलं. मशीनने ते नाकारलं. दुकानदाराने कार्ड शर्टाला पुसून पुन्हा घातलं, तरी नाकारलं. तिसऱ्यांदा तोच हळू आवाजात म्हणाला, "साहेब, दुसरं काही आहे का?" वहिनी पदरावरचे मोर मोजत राहिल्या. शेवटी भावाने यूपीआयवरून पैसे दिले. परतीच्या वाटेवर विंचूरपर्यंत गाडीत कुणी त्या विषयावर बोललं नाही आणि विंचूरनंतर सगळे एकदम बोलायला लागले.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच माझं दुसरं कार्डही अडकलं, वेगळ्या बँकेचं आणि वेगळ्या कारणाने. एक मी चालू करून घेतलं आणि दुसरं कायमचं बंद केलं. दोन्ही रस्ते चालून झालेत, म्हणून हे लिहितोय. कार्ड म्हणजे काय, व्याज कसं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. कुठल्या बँका ते सांगत नाही. मित्रमंडळींशी बोलल्यावर लक्षात आलं की नावं बदलली तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

निवड करण्याआधी

"कार्ड बंद झालं" या दोन शब्दांत पाच-सहा निरनिराळ्या भानगडी मावतात आणि त्यातल्या निम्म्यांत निवडीचा प्रश्नच नसतो.

सर्वात आधी ॲप उघडून बघा, कारण कधीकधी कार्ड ठणठणीत असतं आणि फक्त एखादं बटण बंद असतं. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करायची सोय सक्तीची केली. ज्या कार्डावर असे व्यवहार कधी झालेच नव्हते, त्यांच्यावर ते बंदच करून टाकले. आमच्या शेजारच्या काकांनी याच कारणावरून तीन दिवस बँकेला शिव्या दिल्या. शेवटी त्यांच्या नातीने फोन हातात घेऊन ते बटण सरकवलं.

संशयास्पद व्यवहारामुळे कार्ड ब्लॉक झालं असेल तर वाद घालू नका. नवा नंबर घ्यावाच लागेल, आणि तो घ्यावाच. ओटीपी वगैरे आपण कुणाला दिलेला नसेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर बाहेरच्या भामट्याने केलेलं नुकसान आपल्या माथी येत नाही, असा 2017 चा नियम आहे. थकबाकीमुळे कार्ड थांबवलं असेल तर आधी पैसे भरा. बाकीचं सगळं त्यानंतर.

खरी निवड उरते ती दोन प्रसंगांत. एक म्हणजे वर्षभर कार्ड वापरलं नाही म्हणून ते निष्क्रिय झालं, आणि दुसरा म्हणजे केवायसी, म्हणजे बँकेकडची आपल्या ओळखीची आणि पत्त्याची नोंद, जुनी झाली म्हणून थांबवलं गेलं. माझं एक कार्ड पहिल्या कारणाने गेलं आणि दुसरं दुसऱ्या.

न वापरलेल्या कार्डाचा नियम 2022 च्या जुलैपासून आहे. एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर बँकेने ग्राहकाला कळवायचं आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करायचं, अर्थात देणं काही नसेल तर. मला कळवलं नव्हतं असं मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो. मग समजलं की कळवलं होतं, पण 2009 मधल्या माझ्या डोंबिवलीच्या ऑफिसच्या ईमेलवर. ती नोकरी मी 2017 मध्ये सोडली. मोबाइलवर मेसेजही आला असणार, पण "तुमचं कार्ड बंद होणार आहे" असे मेसेज रोज चार येतात आणि चारही भुरट्यांचे असतात. खरा मेसेज त्यांच्याबरोबरच कचऱ्यात गेला.

जुनं कार्ड चालू करून घेताना

चालू करून घेण्यामागची माझी कारणं मला तेव्हा बिनतोड वाटत होती. कार्ड आजन्म मोफत होतं आणि चौदा वर्षांचा स्वच्छ इतिहास होता. शिवाय खर्चाची मर्यादा. त्या कार्डावर 1,20,000 रुपये होते आणि दुसऱ्यावर 80,000, म्हणजे एकूण दोन लाख. माझा महिन्याचा कार्डावरचा खर्च 36,000 च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या 18 टक्के. जुनं कार्ड गेलं असतं तर तोच खर्च 80,000 च्या तुलनेत 45 टक्के झाला असता. सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवून गुण देणारी संस्था, आणि तिच्या भावंडांना हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आत असलेलं आवडतं, असं सगळेच सांगतात. खर्च एका पैशाने न वाढवता आपण कर्जबाजारी दिसायला लागतो, ही गंमत आहे खरी.

तेव्हा फोन लावला. कार्डाच्या मागे छापलेला नंबरच लावला, आणि तुम्हीही तोच लावा. गूगलवर "कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या नंबरावर फोन करून लोकांनी लाखभर रुपये घालवलेले आहेत. यंत्राने सोळा आकडी नंबर मागितला. टाकला. यंत्र म्हणालं, हा क्रमांक वैध नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. तीन प्रयत्नांनंतर धन्यवाद म्हणून फोन बंद. म्हणजे बंद पडलेल्या कार्डाची तक्रार करायला चालू कार्ड लागतं! चौथ्या दिवशी मला यावरचा उतारा सापडला. "नवीन कार्डासाठी अमुक दाबा" हा पर्याय निवडला की पहिल्या घंटीला माणूस फोन उचलतो. त्याला नम्रपणे सांगायचं की चुकून इकडे आलो, जरा जोडून देता का.

शाखेतही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी आपुलकीने बसवलं, चहा विचारला आणि सांगितलं की कार्डाचं डिपार्टमेंट वेगळं, आमच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. त्यांचं खोटं नव्हतं. बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

मग केवायसी. आधार, पॅन, नवा पत्ता. नाशिकच्या फ्लॅटचा पत्ता आधारवर होता, पण बँकेत अजून डोंबिवलीच होती. पत्ता बदलायची सोय ॲपमध्ये होती, पण कार्ड निष्क्रिय असल्याने ॲप पुढे जाऊ देत नव्हतं. फॉर्म छापून सही करून पाठवला तर सही जुळेना. 2009 ची माझी सही मलाही आता करता येत नाही. ती एका उत्साही तरुणाची सही होती. शेवटी व्हिडिओ केवायसी झाली. पॅनकार्डाची मूळ प्रत हातात धरायची, खिडकीकडे तोंड करायचं, दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाच मिनिटांचं काम. ही सोय 2020 पासून आहे. हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर डोंबिवली-नाशिक पत्रव्यवहार वाचला असता.

हे सगळं मी सहन केलं. यंत्र, सही, पत्ता, सगळं. खरंच सांगतो, यातल्या कशामुळेही माझं मत बनलं नाही. मत बनलं ते एका वाक्यामुळे.

"सर, 24 ते 48 तासांत होऊन जाईल."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कॅलेंडरवर खूण केली. 48 तास झाले, काही नाही. फोन केला. नवी मुलगी, नवा तक्रार क्रमांक, आधीच्या क्रमांकाचा तिला पत्ता नाही. "प्रोसेसमध्ये आहे सर, 24 ते 48 तास." पुन्हा खूण. पुन्हा फोन. एकदा मी विचारलं की हे 48 तास कुठल्या क्षणापासून मोजायचे? पलीकडच्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, तुमच्या या कॉलपासून." म्हणजे मी जितक्यांदा विचारणार तितक्यांदा घड्याळ शून्यावर येणार. न विचारता आठ दिवस थांबून पाहिलं. तेव्हा कुणी काहीच केलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

अकरा फोन, चार ईमेल, एक शाखाभेट. एक्केचाळिसाव्या दिवशी कार्ड चालू झालं. चालू झाल्याचा मेसेज मात्र आला नाही. दुधाच्या बिलासाठी सहज वापरून बघितलं आणि चाललं. त्याच संध्याकाळी गॅसचं बिल ऑनलाइन भरायला गेलो तर पुन्हा नाकारलं. माझा जीव गोळा झाला. मग शेजारचे काका आठवले आणि ते बटण सरकवलं.

दुसरं कार्ड बंद करताना

दुसरं कार्ड 2016 चं. त्याला वर्षाला 500 रुपये शुल्क आणि वर जीएसटी, म्हणजे 590. जानेवारी अखेरीस केवायसीच्या कारणावरून ते थांबवलं, आणि थांबवलेल्या अवस्थेतच फेब्रुवारीच्या बिलात 590 रुपयांचं वार्षिक शुल्क लागून आलं. न चालणाऱ्या कार्डाचं शुल्क!

इथे जरा थांबतो, कारण बऱ्याच जणांची गफलत इथेच होते. थांबवलेलं कार्ड म्हणजे बंद खातं नव्हे. खातं जिवंत असतं, बिल निघत राहतं, शुल्क लागतं, आणि ते भरलं नाही की देय तारखेनंतर तीन दिवसांनी ती थकबाकी म्हणून सिबिलला कळवता येते. "कार्डच चालत नाही तर बिल कसलं" म्हणून माझ्या एका सहकाऱ्याने असंच शुल्क सोडून दिलं होतं. दोन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा किरकोळ रकमेपायी मॅनेजरसमोर सफाई देत बसला. कार्ड ठेवा किंवा काढा, पण अर्धवट लोंबकळत सोडू नका.

पहिल्या कार्डाचे एक्केचाळीस दिवस ताजे होते. मी मनाशी म्हटलं, पुन्हा ती 48 तासांची आरती नको, हे मिटवून टाकू. रात्री अकराला बँकेच्या वेबसाइटवर कार्ड बंद करण्याची लिंक शोधली, विनंती टाकली आणि तीच ईमेलवरही पाठवली. संदर्भ क्रमांक लगेच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला बँकेचाच फोन. मी केलेला नाही, त्यांनी केलेला! नंबर टाका नाही, संगीत नाही, थेट माणूस. "सर, इतक्या वर्षांचे ग्राहक आहात तुम्ही. का बंद करताय? शुल्क माफ करतो, वरून पॉइंट देतो. केवायसी आजच करून कार्ड चालू करून देतो." आजच! मी त्यांना दोनदा विचारलं, आज म्हणजे आजच का. "हो सर, आत्ता लाइनवरच." खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. पण जे काम विनवण्या करून होत नाही, ते निघून जातो म्हटल्यावर होतं, हे बघून जरा वाईटही वाटलं. नको म्हणालो.

मग समजलं की हा बँकेचा चांगुलपणा नव्हता, त्यामागे घड्याळ होतं. 2022 च्या त्याच नियमांत आहे की ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलंच पाहिजे. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. अट एकच, खात्यावर देणं शिल्लक नको. पोस्टानेच अर्ज पाठवा, असं म्हणून अडवणूकही करता येत नाही. फोन, ईमेल, वेबसाइट, ॲप असे मार्ग खुले ठेवावे लागतात.

आणि कार्ड पुन्हा चालू करून देण्यासाठी? तिथे असं घड्याळ नाही. रोजचे 500 नाहीत. तक्रार केल्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. पण उधारी कुणाला द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि लोकपाल त्यात हात घालत नाहीत. सेवेतल्या हयगयीबद्दल भांडता येईल, पण "मला कार्ड द्याच" असं भांडता येणार नाही. एका बाजूला हक्काने मागायचं आणि दुसऱ्या बाजूला उंबऱ्यावर उभं राहायचं, एवढा फरक आहे. 24 ते 48 तास हे वाक्य कुठून येतं ते मला तेव्हा उमगलं. ज्या कामाला मुदतच नाही, त्याला कुणी कुठलीही मुदत सांगू शकतो.

माझं कार्ड पाचव्या कामकाजाच्या दिवशी बंद झालं. आधी ते 590 रुपये भरावे लागले, कारण देणं असेपर्यंत सात दिवसांची मोजणीच सुरू होत नाही. शुल्कावरून भांडता आलं असतं, पण मी आधी भरलं आणि नंतर भांडलो. परत काही मिळाले नाहीत, आणि तो घाटा मी पचवला. ते भरल्यानंतर रद्द केलेल्या रेल्वे तिकिटाचे 1,140 रुपये त्या कार्डात येऊन जमा झाले. कार्ड बंद झाल्यावर अशी जमा रक्कम आपल्या बँक खात्यात वळवावी लागते, त्याप्रमाणे खात्याचा तपशील घेऊन त्यांनी ती आठवड्याभरात दिली. पॉइंट मात्र आधी वापरून टाका. मी विसरलो आणि ते गेले. सौ.चं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड, मूळ कार्डाबरोबरच गेलं. ही बातमी तिला किराणा दुकानात कळली, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

बंद करण्यातलाही त्रास सांगायला हवा, नाहीतर एकतर्फी होईल. ओटीटी, मोबाइलचं बिल, विम्याचा हप्ता, फास्टॅगचं रिचार्ज, जे जे त्या कार्डावर बांधलेलं असेल ते सगळं सोडवून दुसरीकडे बांधावं लागतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून दुकानांच्या वेबसाइटवर आपला कार्ड नंबर राहत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे तेवढ्या दुकानापुरता बदली नंबर असतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी नव्याने ओटीपी. माझा एक शनिवार त्यात गेला. विम्याचा एक हप्ता निसटणार होता, तो सवलतीच्या दिवसांत भरला. कार्डावर हप्त्यांनी काही घेतलं असेल तर उरलेले सगळे हप्ते एकरकमी भरायची तयारी ठेवा. चालू करून घेतलेल्या कार्डात यातलं काहीच करावं लागलं नाही, नंबर तोच राहिला. ही त्या बाजूची जमेची गोष्ट, आणि ती लहान नाही.

सिबिलचं काय?

लोक घाबरतात ते इथे. कार्ड बंद केलं की इतिहास पुसला जातो, असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. बंद खातं "क्लोज्ड" अशा शेऱ्यासह अहवालात पुढे बरीच वर्षं दिसत राहतं, आणि हप्ते वेळेवर भरल्याची नोंदही तिथेच राहते. फक्त शेरा "क्लोज्ड" आहे, "सेटल्ड" नाही, हे डोळ्यात तेल घालून बघा. दुसऱ्याचा अर्थ पूर्ण पैसे न देता तडजोड केली, असा होतो, आणि कर्ज देणारे त्या शब्दाकडे वाकड्या नजरेने बघतात. एखादं वादग्रस्त शुल्क "अर्धं भरा, मिटवून टाकू" असं फोनवर कुणी गोड बोलून सांगितलं तर हे आठवा.

माझा सिबिलचा आकडा, म्हणजे स्कोअर, दुसरं कार्ड बंद करण्याआधी 781 होता. दोन महिन्यांनी 768 दिसला, दिवाळीपर्यंत 779. यावरून शास्त्र काढू नका, एका माणसाचं उदाहरण आहे. मधल्या काळात मी नवीन कार्डासाठी अर्जही केला होता, त्याचाही थोडा फटका असेल. वर्षातून एकदा प्रत्येक संस्थेकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क अशा चार संस्था आहेत, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तरी चालतं. बंद केलेलं कार्ड तिथे चालू दिसत असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद एप्रिल 2024 पासून आहे. म्हणजे बंद करण्याच्या बाजूला इथेही घड्याळ आहेच.

कुणी काय करावं

तुमच्याकडे एकच कार्ड असेल आणि तेच जुनं असेल, तर ते चालू करून घ्यायचा प्रयत्न आधी करा, असं मी म्हणेन. येत्या सहा-आठ महिन्यांत घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तरीही. त्या वेळी मर्यादा कमी करून घेणं आणि नव्या कार्डाची चौकशी अहवालात उमटवणं, दोन्ही नको. आजन्म मोफत कार्ड असेल तर ठेवायला पैसे पडत नाहीत, हेही आहे.

परदेशात असाल तर मात्र माझा कल उलटा आहे. माझे मेहुणे मस्कतला असतात. त्यांचं नाशिकचं सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडलं आणि ओटीपी त्याच नंबरवर जायचा. कार्ड चालू करायला ओटीपी, ओटीपीसाठी सिम, सिमसाठी इथे येऊन अंगठा. दोन सुट्ट्या त्यात घालवून शेवटी त्यांनी ईमेलवरून कार्ड बंद करायला सांगितलं. देणं नव्हतंच, त्यामुळे ते विनाओटीपी झालं.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे दोन-तीन कार्डं असलेल्या आणि त्यातलं एखादं अडकलेल्या माणसासाठी, मी भीतभीतच सांगतो, बंद करणं जास्त सुखाचं पडतं. तुमची बँक माझ्या बँकेहून चांगली असू शकते. तुमचं कार्ड दोन तासांत चालू होऊही शकतं, तसे भाग्यवान मी पाहिलेत. पण आधी एकच फोन करा आणि चालू करायला किती दिवस लागतील ते लेखी मागा. उत्तरात तारीख आली तर थांबा. तास आले तर वेबसाइटवरची ती लिंक शोधा. आणि ती विनंती टाकल्यावर येणारा फोन नक्की उचला. एरवी दुर्मीळ असलेला माणूस तिथे आपणहून भेटतो आणि कार्ड खरंच हवं असेल तर चालू करून घ्यायची ती सर्वात सोपी वेळ असते. ही युक्ती म्हणून वापरा असं मी सांगत नाही. नुसतं नोंदवून ठेवतो.

बंद केलेल्याच्या जागी मी यूपीआयला जोडता येणारं रुपे कार्ड घेतलं, माझं बचत खातं आहे त्याच बँकेचं. शुल्क नाही, आणि भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवरही चालतं, निदान माझ्या भाजीवाल्याच्या तरी. केवायसी खात्याचीच धरली गेली, पत्ता नाशिकचाच होता, कार्ड सहा दिवसांत आलं. पॉइंट फार मिळत नाहीत. रोज वापरात राहतं, त्यामुळे निष्क्रिय व्हायची भीती नाही.

आणि ते 2009 चं, एक्केचाळीस दिवसांचं? आहे अजून. महावितरणचं बिल त्याच्यावर लावून ठेवलंय, म्हणजे वर्षभर न वापरल्याचा ठपका नको. खरं सांगायचं तर पुन्हा ते अडकलं तर मी फोन करणार नाही. त्याची मुदत मार्च 2027 ला संपते. नवं कार्ड नाशिकला येईल की डोंबिवलीला, हे विचारायला मध्यंतरी एकदा फोन केला होता. पलीकडच्या मुलाने पत्ता तपासून कळवतो म्हणून सांगितलं, 24 ते 48 तासांत.